दुसऱ्या वर्षीचे भात

गेल्या वैशाखात कर्नाटकातल्या, बेळगावच्या बाजूच्या आमच्या मराठी बोलणाऱ्या गावच्या देवळापुढील मंडपात सेंद्रिय शेतीचे एकदिवसीय प्रशिक्षण झाले. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. कन्नड बऱ्यापैकी येते, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. आलेले अधिकारी तरुण होते आणि तळमळीने बोलत होते, पण पहिल्याच वाक्यात त्यांनी ‘सावयव कृषी’ असा शब्द वापरला आणि पुढे बसलेल्या तात्यांनी मला विचारले, “मास्तर, सावयव म्हंजे? कुणाचे अवयव?” मंडप हसला. मी घाईघाईने ‘सेंद्रिय, सेंद्रिय’ असे सांगितले आणि भाषण पुढे सुरू झाले.

घरी आल्यावर मात्र तात्यांचा प्रश्न मनातून जाईना. सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसह आणि सावयव म्हणजे अवयवांसह. ‘ऑरगॅनिक’ या एकाच इंग्रजी शब्दासाठी दोन भाषांतील पंडितांनी एकच युक्ती योजली, आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्याला ती सारखीच परकी आहे. मराठी शब्द कानावर पडून पडून गुळगुळीत झाला आहे, एवढाच काय तो फरक. आमच्या शिवारात याला ‘शेणखतावरचं रान’ म्हणतात किंवा ‘बिनऔषधाचं’ म्हणतात. मृदा आरोग्य पत्रिका आल्या तेव्हाही असेच झाले. २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून मिळणाऱ्या या पत्रिकेत मातीचे १२ गुणधर्म दिलेले असतात. आमच्या पत्रिका कन्नडमध्ये, आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाची ओळ ‘सावयव इंगाल’ ही. इंगाल म्हणजे कर्ब, म्हणजेच कार्बन. मी मोठ्याने वाचून दाखवले तर शेजारच्या आजी म्हणाल्या, “इंगळ? मग रान जळालंय म्हणा की.” त्यांची चूक नव्हती, मराठीत इंगळ म्हणजे धगधगता निखारा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माती कमकस, ०.७५ च्या वर असेल तर चांगली, एवढे सांगायला मला तो सारा दिवस लागला. त्यात कर्ब म्हणजे काय हे समजावण्यासाठी कुजलेल्या पालापाचोळ्याचा काळा चुरा हातात घेऊन दाखवावा लागला, तो वेगळाच.

आणखी एक शब्द येथे सांगितला पाहिजे. माझी आजी युरियाला ‘सरकारी खत’ म्हणत असे, आणि गावातले म्हातारे अजूनही तसेच म्हणतात. हे खत सोसायटीतून आले, कर्जाबरोबर आले, ते घातल्याशिवाय नवे बियाणे पिकत नाही असे सरकारी माणसांनीच बांधावर येऊन पटवले. आज त्याच कचेरीची जीप येते आणि सरकारी खत टाकू नका असे सांगते. मंडपात बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी शंका दिसते तिला अडाणीपणा म्हणण्याची घाई करू नये. मागचा धडा त्याने मन लावून गिरवला होता आणि तो पुसायला सांगणारा त्याच शाळेचा मास्तर आहे. मी स्वतः मास्तर असल्यामुळे हे मला जरा जास्तच लागते.

त्या दिवशीच्या भाषणात जीवामृताची कृती सांगितली गेली. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दोन दिवस ठेवून एका एकराला द्यायचे. कृती सोपी आहे आणि नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्यामुळे ती आमच्याकडे अनेकांना पाठही आहे. परंतु ती ऐकून मंडपातून उठणाऱ्या माणसाच्या मनात असा समज तयार होतो की युरियाची पिशवी काढायची आणि तिच्या जागी हे पिंप ठेवायचे. हा समज कोणी मुद्दाम करून देत नाही, पण दूरही करत नाही. विज्ञानाच्या मास्तराने तरी हिशेब मांडायला हवा होता. युरियाची ४५ किलोची पिशवी घेतली तर तिच्यात ४६ टक्के म्हणजे जवळपास २१ किलो नत्र (नायट्रोजन) असते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र असते साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. एका पिशवीची भरपाई करायची तर ४ टन शेणखत हवे, आणि त्यातलेही सगळे नत्र त्याच हंगामात पिकाच्या हाती लागत नाही, ते हळूहळू सुटते. जीवामृताच्या पिंपातले नत्र तर किलोतही मोजता येणार नाही. ते विरजण आहे. मातीत पालापाचोळा, शेण, मुळांचे अवशेष असे काही कुजण्याजोगे असेल तर ते काम करील. भांड्यात दूधच नसेल तर विरजण लावून दही कशाचे होणार?

हे मी आज शहाणपणाने लिहितो आहे, पण सहा वर्षांपूर्वी मी स्वतः नेमके तेच केले. निवृत्तीनंतर वडिलांच्या वाट्याचे अडीच एकर रान कसायला घेतले आणि एका शिबिरातून भारावून परत येऊन वीस गुंठ्यांत रासायनिक खत आणि औषध एकाच हंगामात पूर्ण बंद केले. त्या तुकड्यात दरवर्षी दहा पोती भात होई. पहिल्या वर्षी आठ झाली. मी खूश झालो आणि गावभर सांगत सुटलो की दोनच पोत्यांचा फरक आहे. जमिनीत आधीच्या वर्षांचे खत शिल्लक होते हे माझ्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या वर्षी पाच पोती झाली, आणि तण इतके माजले की खुरपणीची मजुरी भाताच्या किमतीत गेली. माझे निवृत्तिवेतन चालू होते म्हणून मी तिसरे वर्ष पाहिले. ज्याच्या घरी भात हेच वर्षाचे धान्य आणि सोसायटीचे कर्ज फेडण्याचे एकमेव साधन आहे, त्याने दुसऱ्या वर्षी पाच पोती बघून तिसऱ्या वर्षी युरिया आणला तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? आमच्या गावात सेंद्रिय शेती सुरू करून सोडलेली जी माणसे मला माहीत आहेत, त्यांपैकी बहुतेकांनी दुसऱ्या हंगामानंतर सोडली. आणि प्रशिक्षण देणारी माणसे येतात ती पहिल्या वर्षी.

याच कारणाने मी असे मानू लागलो आहे की शेतकऱ्याला सेंद्रिय शेती शिकवणे म्हणजे दुसऱ्या वर्षी त्याच्या बांधावर हजर असणे होय. बाकी कृती, तक्ते, पोस्टर हे सगळे छापून वाटता येते.

सरकारी मदतीची रचना मात्र नेमकी या जागी पातळ आहे. कर्नाटकाने २००४ साली सेंद्रिय शेतीचे धोरण जाहीर केले, ही गोष्ट कौतुकाची आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेतीसाठी स्वतंत्र संस्था आहे. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून चालू आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला २,४८१ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आहे. पण योजनेचा आकडा एकरावर आणून पाहावा लागतो. परंपरागत कृषी विकास योजनेत सुरुवातीला तीन वर्षांसाठी हेक्टरी ५०,००० रुपयांची तरतूद होती, पुढे ती ३१,५०० झाली. त्यांतले थेट शेतकऱ्याच्या खात्यात जायचे ते १५,०००, उरलेले गट बांधणे, प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्री यांवर खर्च व्हायचे. पंधरा हजारांना तीन वर्षांनी आणि हेक्टरातल्या अडीच एकरांनी भागले की एकरी वर्षाला २,००० रुपये हातात येतात. माझ्या वीस गुंठ्यांतली पाच पोत्यांची तूट त्यात भरून निघाली नसती, आणि ती रक्कमही खरीप संपल्यावर जमा झाली तर खुरपणीच्या वेळी तिचा काय उपयोग?

त्यात आमच्याकडच्या कागदांची गोष्ट आहे. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात कोणतीही सवलत घ्यायची तर राज्य सरकारच्या ‘फ्रूट्स’ प्रणालीतला शेतकरी क्रमांक लागतो, त्याच्यासाठी उतारा लागतो, आणि आमच्या भागातले निम्मे उतारे अजून आजोबांच्या किंवा चार भावांच्या सामाईक नावाने आहेत. कसणारा एक, नाव दुसऱ्याचे. वारसा नोंदवायला जायचे तर अर्ज कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही सीमाभागातली मागणी जुनी आहे आणि तिचे राजकारणही जुने आहे. त्यात मी येथे शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की न वाचता सही करायची सवय लागलेला माणूस शेतीचे पत्रकही न वाचताच घडी घालून खिशात ठेवतो.

यावर सोपा उपाय म्हणून बरेच जण पलीकडे बघतात. आमच्या गावापासून महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. तेथल्या पाहुण्यांकडे मराठी पत्रके येतात, त्यांच्याकडचा कृषी खात्याचा माणूस मराठीत बोलतो, मोबाईलवर पाहिजे तेवढ्या मराठी चित्रफिती आहेत. आमची तरुण मुले त्याच बघून शेती करतात. पण त्या चित्रफितीतला भात चिखलणी करून लावलेला असतो. आमच्याकडे खाचरांत रोप लागण होतेच, परंतु माळाच्या आणि काळ्या रानांत मोठ्या प्रमाणावर भात कोरड्या मातीत कुरीने (पाभरीने) पेरला जातो, रोहिणीच्या आगेमागे, पहिल्या वळवावर भरवसा ठेवून. चित्रफीत सांगते की लागणीआधी हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर आला की गाडा. कोरड्या पेरणीत भाताआधी हे पन्नास दिवस आणायचे कोठून? मे महिन्यात ताग वाढण्याएवढा पाऊस नाही आणि जूनमध्ये भात पेरून झालेले असते. एका पोराने ही चित्रफीत बघून तागासाठी भाताची पेरणी लांबवली आणि मृगाच्या झडीत त्याला कुरीच चालवता आली नाही.

याउलट धारवाडजवळच्या मुगदचे भात संशोधन केंद्र अशाच पावसाच्या भरवशावर कुरीने पेरलेल्या भातावर काम करते. ‘मुगद सुगंधा’ हे वाण तिथलेच. पेरलेल्या भाताच्या ओळींमध्येच हिरवळीच्या खताचे बी टाकावे आणि ते महिना-सव्वा महिन्याचे झाले की कोळप्याने मोडून जागीच कुजू द्यावे, ही पद्धत मला धारवाडकडच्या माणसांकडून कळली, आणि ती आमच्या रानाला लागू पडते. पण ती कळली कन्नडमधून. म्हणजे आमची स्थिती अशी आहे की समजणारी भाषा एका राज्याची आणि मातीला मानवणारी माहिती दुसऱ्या राज्याची. दुभाष्याचे खरे काम मंडपात माईक धरण्याचे नसून येथे आहे, हे मला उशिरा उमगले. नुसते भाषांतर केले तरीही भागत नाही. ‘हेक्टरी अमुक किलो’ हे गुंठ्यात आणि शेरा-पायलीत सांगावे लागते, आणि ‘पेरणीनंतर पस्तीस दिवसांनी’ याला ‘पुनर्वसूचा पाऊस लागला की’ असे म्हटले तरच ते लक्षात राहते.

पाल्याच्या बाबतीत आमच्याकडे एक झाड फार उपयोगी ठरले, ते म्हणजे गिरिपुष्प. काही जण त्याला उंदीरमारी म्हणतात. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी बांधावर रोवली की ती जगते, गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत, आणि दोन वर्षांनंतर वर्षातून दोनदा-तीनदा छाटून पाला रानात टाकता येतो. पाला कोवळा आणि नत्राने भरलेला असल्यामुळे तो लवकर कुजतो. ताग पेरायला जागा आणि वेळ लागतो, गिरिपुष्पाला फक्त बांध लागतो. बांधावरून भावकीत भांडणे होतात, हे खरे. सावली पडते म्हणून शेजाऱ्याने एका रात्रीत ओळ तोडल्याचेही मी पाहिले आहे. कोणत्याही पत्रकात ‘आधी चुलत्याला विचारा’ अशी सूचना नसते, ती मी तोंडी देतो.

शेणाचा प्रश्न याहून अवघड आहे. घरटी बैलजोडी होती तेव्हा शेणखत विकत घ्यायची कोणाला कल्पनाही नव्हती. ट्रॅक्टर आला, बैल गेले, दावणीला एक-दोन दुभती जनावरे राहिली, आणि शेणाच्या ट्रॉलीचा दर दरवर्षी चढतो आहे. देशी गाय पाळा असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. वैरण कोण आणणार, धार कोण काढणार, सकाळी गोठ्यातले मूत्र डब्यात कोण धरणार, हे विचारले की सगळ्यांची नजर घरातल्या बाईकडे जाते. ती मात्र मंडपात नसते. प्रशिक्षणाचे निमंत्रण उताऱ्यावरच्या नावाला जाते, उताऱ्यावर नाव पुरुषाचे, आणि वेळ असते सकाळी अकराची, म्हणजे बायका रानात असण्याची. औषध मारायचे बंद केले तर पुरुषाचे पाठीवरचे पंप घेऊन फिरण्याचे काम वाचते, आणि तणनाशक बंद केले तर बाईच्या वाट्याला खुरपणीचे दोन फेरे वाढतात. सेंद्रिय शेतीची ही बाजू मी एकाही व्याख्यानात ऐकलेली नाही. नैसर्गिक शेतीच्या नव्या अभियानात गावागावांतून शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘कृषी सखी’ नेमण्याची तरतूद आहे. आमच्या भागात त्या मराठी बोलणाऱ्या, स्वतः रानात राबणाऱ्या बायकांतून निवडल्या गेल्या तर पुष्कळ काम होईल. कागदावर नाव एकीचे आणि फिरणार तिचा नवरा, असे होऊ नये एवढीच धास्ती आहे.

माझे तिसरे वर्ष सात पोत्यांवर सावरले तेव्हा आम्ही पाच घरांनी मिळून सोमवारची बैठक सुरू केली. सोमवारी आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. बैल उरले नसले तरी वार पाळण्याची रीत उरली आहे, म्हणून तो दिवस मोकळा सापडला. दर सोमवारी सकाळी एकाच्या रानात जमायचे, अर्धा तास काही न बोलता पीक बघायचे आणि मग प्रत्येकाने काय दिसले ते सांगायचे. ही कल्पना माझी नव्हे. १९८९ मध्ये जावा बेटावर भातशेतकऱ्यांच्या अशा शाळा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने सुरू झाल्या. तेथे तपकिरी तुडतुड्यावर इतके औषध मारले गेले की तुडतुडे खाणारे कोळी आणि ढालकिडेच आधी मेले आणि तुडतुडा अधिकच माजला. १९८६ साली इंडोनेशियाच्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पण बंदीने शेतकऱ्याला कोळी ओळखता येत नाही, म्हणून त्याला रानातच बसवून तो ओळखायला शिकवले गेले. मराठीत याला शेतीशाळा असा फार चांगला शब्द आहे.

आमच्या शेतीशाळेत मी शिक्षक आहे असे म्हणवत नाही. सर्वांत उपयोगी धडा दिला तो थोरल्या वहिनींनी. पश्चिम भागातल्या तांबड्या, उताराच्या रानांत आम्ही रताळी करतो, आणि वरंबे सोयीसाठी उताराच्या दिशेनेच ओढायची सवय आहे, कारण पाणी चटकन निघून जाते. वहिनींचे म्हणणे असे की पाण्याबरोबर काय जाते ते कोणी बघत नाही. त्यांनी आषाढातल्या एका जोराच्या पावसात दोन बाटल्या भरल्या, एक उताराने वरंबे असलेल्या रानाच्या तोंडाशी आणि दुसरी उताराला आडवे वरंबे असलेल्या आमच्या रानाच्या तोंडाशी, आणि त्या रात्रभर चुलीशेजारच्या फळीवर ठेवल्या. सकाळी पहिल्या बाटलीत तळाला तीन बोटे गाळ होता, दुसरीत नखाएवढा. “आमचं शेणखत मार्कंडेयात चाललंय की ओ भावजी,” एवढेच त्या बोलल्या. ते अक्षरशः खरे होते. आमच्या रानातले ओढे मार्कंडेय नदीला मिळतात, ती पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, आणि आम्ही ट्रॉलीने विकत आणलेले खत तिच्याबरोबर जात होते. सेंद्रिय शेतीचा विचार करताना आम्ही सतत काय घालायचे याचीच चर्चा करत होतो. माती जागेवर थांबवली तर घालायचे खत कमी लागेल, हा मुद्दा बाटलीने शिकवला. पुढच्या वर्षी गटातल्या चौघांनी वरंबे आडवे घातले. एकाचे वरंबे पहिल्याच अतिवृष्टीत फुटले आणि मधोमध घळ पडली, कारण त्याने ते पाणसळीत अगदी सपाट ओढले होते. आमच्यासारख्या पावसात आडव्या वरंब्यालाही एका बाजूला किंचित ढाळ द्यावा लागतो, आणि पाणी जेथे उतरते तेथे गवत राखावे लागते किंवा वाळा लावावा लागतो. मला ठाऊक असती तर ही चूक मी त्याला आधीच सांगितली असती, पण मलाही ती त्याच दिवशी कळली.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात लिहितो, कारण विचारणारे फार असतात. परदेशी माल पाठवायचा तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्थेकडून तपासणी लागते. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वीची दोन वर्षे आणि बहुवार्षिक झाडांसाठी पहिल्या तोडणीपूर्वीची तीन वर्षे रान रूपांतराखाली, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात येत असलेले, मोजले जाते. देशातल्या देशात विकायचे तर सहभाग हमी पद्धत आहे, तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो, आणि रूपांतराच्या काळात वेगळे चिन्ह मिळते. खर्च कमी म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. पद्धत चांगली आहे, अडचण एवढीच की गटात चुलत भाऊ असेल तर त्याच्या बांधावर युरियाची रिकामी पिशवी दिसूनही तपासणीच्या कागदावर ती दिसत नाही. आम्ही म्हणून तपासणीला नेहमी भावकीबाहेरचा माणूस पाठवतो. बाजारात मात्र रूपांतराच्या चिन्हाला कोणी दोन रुपये जास्त देत नाही. बेळगावच्या बासमतीचे नाव अजून आहे, ओळखीची घरे बिनऔषधाचा तांदूळ मागून नेतात, आणि आमची बरीच विक्री तशीच होते, प्रमाणपत्र न बघता. ज्याच्या शहरात ओळखी नाहीत त्याचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही.

पैशाची जी मदत दुसऱ्या वर्षी मिळत नाही तिच्या जागी आम्ही पैरा आणला. पैरा आमच्याकडे नवा नाही. लागणीला आणि मळणीला एकमेकांच्या रानात जाण्याची ती जुनी पद्धत आहे. आता ठरले आहे ते असे की गटात ज्याचे दुसरे वर्ष असेल त्याच्या भाताला बाकीच्या घरांनी खुरपणीचे प्रत्येकी तीन दिवस द्यायचे, परतफेड न मागता, आणि त्याने पुढे येणाऱ्या दुसऱ्या वर्षवाल्याला ते फेडायचे. शिवाय कोणीही सगळे रान एकदम पालटायचे नाही. पहिल्या वर्षी पाच गुंठे, तेही घरच्या खाण्याच्या भाताचे, आणि त्या तुकड्याचा खर्च-उत्पन्नाचा हिशेब शाळेच्या वहीत लिहायचा. वही मी तपासतो. ही खोड जायची नाही.

यंदा दुसरे वर्ष तात्यांचे आहे. त्या मंडपातल्या प्रशिक्षणाआधीच्या हंगामात त्यांनी पाच गुंठे बिनऔषधाचे करून पाहिले होते, आणि आता दहा करायचे म्हणतात. तागाचे बी केंद्रात वेळेवर येईलच असे नाही, म्हणून अक्षय्यतृतीयेलाच आम्ही दोघे धारवाडच्या बाजूने २० किलो घेऊन आलो, त्यातले निम्मे गटाला वाटले. पेरणी झाली आहे. त्यांच्या शेजाऱ्याने गेल्या आठवड्यात बांधापलीकडे तणनाशक मारले आणि वाऱ्याने दोन ओळी पिवळ्या पडल्या, त्यावरून थोडी बोलाचाली झाली, पण शेजारी सोमवारी काय होते ते बघायला येतो म्हणाला आहे. पुनर्वसू लागला की ओळींतला ताग मोडायचा आहे. कोळपे वहिनींच्या घरचे, जुपणीला बैल पलीकडच्या गावचे, आणि खुरप्यांना पाणी पाजून आणायचे काम माझ्याकडे आहे.